जागा माणूस, भरकटलेले मन: ईईजी आणि एफएमआरआय एकाच वेळी का घेतात?

प्रश्न
विचारणारे: हरभऱ्याचे रान (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. अवधान हा घटक शिकवताना दरवर्षी वर्गातून जागलीची उदाहरणे येतात. आमच्याकडे हरभरा आणि गहू उभा असताना घरटी एक माणूस रात्री मचाणावर बसलेला असतो, कारण रोह्यांचा (नीलगायींचा) कळप किंवा रानडुकरे एका रात्रीत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पीक आडवे करतात. यंदा बारावीतील एका विद्यार्थ्याने सांगितले की तो झोपलेला नव्हता, त्याचे डोळे उघडे होते, हातात बॅटरी होती, झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राची) टिकटिक त्याला ऐकू येत होती, आणि तरीही रोही हाकेच्या अंतरावरून आत शिरले ते त्याला कळले नाही. त्या वेळी आपण बहिणीच्या लग्नाला लागणाऱ्या पैशांचा विचार करत होतो, हे त्याला कळप दिसल्यावर उमगले. वर्गातल्या बहुतेक मुलांनी माना डोलावल्या.

वर्गाला मी नॉर्मन मॅकवर्थ यांचा १९४८चा घड्याळाचा प्रयोग सांगितला. रडारवर डोळे लावून बसणाऱ्यांच्या सतर्कतेचा अभ्यास करताना पहिल्या अर्ध्या तासातच खुणा हुकण्याचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले होते. परंतु त्या अर्ध्या तासानंतर मेंदूत नेमके काय घडते, हे त्या प्रयोगातून कळत नाही. अलीकडे वाचनात आले की मनाच्या भरकटण्याचा अभ्यास करणारे संशोधक ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहाच्या बदलांची एमआरआय यंत्रातील नोंद) या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, आणि त्याही एकाच वेळी घेतात. दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी करतात, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की यंत्राला रक्तप्रवाह किंवा विद्युत लहरी दिसतात, विचार दिसत नाही. मग अमुक क्षणी मन कामावर नव्हते हे संशोधक कशाच्या आधारे ठरवतात? आणि पदव्युत्तर अभ्यास करणारा आमचा एक माजी विद्यार्थी जागलीला जाणाऱ्यांवर अभ्यास करू पाहत आहे. गावात एमआरआय नेता येणार नाही हे उघड आहे, तेव्हा केवळ ईईजीच्या बळावर त्याने कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता सोडून द्यावा?

उत्तर
देणाऱ्या: बोरतीर

सर, नमस्कार. मी मूळची वर्धा जिल्ह्यातील असून ईईजी आणि एफएमआरआय एकत्र घेणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून आपली पहिली शंका मी जरा विस्ताराने घेते.

ईईजी मेंदूतील पेशीसमूहांचे विद्युत बदल डोक्याच्या त्वचेवरून टिपते. हान्स बर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ मध्ये माणसाची पहिली अशी नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटल्यावर सेकंदाला साधारण दहा वेळा उमटणाऱ्या ज्या अल्फा लहरी त्यांना दिसल्या, त्या डोळे उघडताच किंवा मनात हिशेब करायला सांगताच मावळत असत, म्हणजे अवधानाचा विषय या पद्धतीला जन्मापासूनच चिकटलेला आहे. ईईजीची वेळ हजाराव्या सेकंदापर्यंत अचूक असते, पण कवटी आणि त्वचा ओलांडताना संकेत इतका पसरतो की डोक्यावर मिळालेल्या एकाच आकृतीला मेंदूतील अनेक वेगवेगळी उगमस्थाने जुळू शकतात. एफएमआरआयचे याच्या उलट आहे. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात आणि त्यावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला हे ओळखता येईल, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडले. जागा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत कळते आणि खोलवरच्या भागांचीही कळते, मात्र रक्ताचा प्रतिसाद शिखरावर पोहोचायला चार ते सहा सेकंद घेतो.

एकाला वेळ कळते आणि दुसऱ्याला जागा, म्हणून दोन्ही घ्यावीत, एवढेच कारण सहसा दिले जाते. ते खरे आहे, पण आपल्या विषयापुरते ते अपुरे आहे. प्रयोगात प्रकाशाची चमक दाखवायची असेल तर आज ईईजी घ्या आणि चार दिवसांनी एफएमआरआय घ्या, काही अडत नाही. चमक तीच आहे, ती केव्हा दाखवायची हे आपल्या हातात आहे, आणि शेकडो चमकांची सरासरी काढून दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतात. आपोआप उगवणाऱ्या विचाराला अशी बाहेरची वेळ नसते. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात लग्नाच्या खर्चाचा विचार ज्या क्षणी शिरला तो क्षण कोणी ठरवला नव्हता, त्यालाही तो शिरताना कळला नाही, आणि तोच विचार त्याच जागेपणात, त्याच थकव्यात पुन्हा घडवून आणणे कोणाच्याही हातात नाही. त्या एका क्षणाची विद्युत बाजू आणि रक्तप्रवाहाची बाजू दोन्ही हव्या असतील, तर त्या एकाच वेळी नोंदवण्याला पर्याय उरत नाही. माझ्या मते एवढा खर्च आणि एवढी दगदग पत्करण्याचे खरे कारण हे आहे.

यातून काय हाती लागले याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण झोपेचे आहे. एमआरआयमध्ये माणसाला काही काम न देता पडून राहायला सांगतात आणि त्या नोंदीवरून ‘विश्रांतीतील मेंदू’बद्दल निष्कर्ष काढतात. एन्झो ताल्याझुकी आणि हेल्मुट लाउफ्स यांनी आधी ईईजीसह घेतलेल्या नोंदींवरून संगणकाला जागेपणा आणि झोपेच्या पायऱ्या ओळखायला शिकवले आणि मग जगभरातून जमलेल्या हजाराहून अधिक विश्रांतीच्या नोंदी त्याला तपासायला लावल्या. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की सुमारे एक तृतीयांश माणसे पहिल्या तीन मिनिटांतच पूर्ण जागी राहिलेली नव्हती. सोबत ईईजी नसती तर तो गुंगीचा काळ ‘मुक्त विचारांचा काळ’ म्हणून मोजला गेला असता, आणि अनेक अभ्यासांत तो तसा मोजला गेलाही असेल. अल्फा लहरींबाबतही असेच घडले होते. २००२-०३च्या सुमारास एका गटाला अल्फा वाढताना मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागातील संकेत घटलेला दिसला, तर लाउफ्स यांच्या गटाला कपाळामागच्या आणि माथ्याच्या भागांत घट दिसली. पुढे २००६ मध्ये लाउफ्स आणि सहकाऱ्यांनी मांडले की हा फरक प्रयोगातील माणसे कितपत जागी होती यावर अवलंबून आहे. जागलीचा अभ्यास करणाऱ्याने हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे, असे मी सुचवीन.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे. मेंदूची ईईजी साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची असते, आणि एमआरआयची चुंबकीय क्षेत्रे झपाट्याने पालटू लागली की इलेक्ट्रोड बसवलेल्या टोपीच्या तारांत त्याच्या शंभर पटींहून मोठा विद्युत संकेत उत्पन्न होतो. पडद्यावर मेंदूऐवजी केवळ काळी पट्टी दिसते. हा बिघाड दर वेळी जवळजवळ सारखाच येतो, म्हणून त्याची सरासरी काढून ती मूळ नोंदीतून वजा करता येते. फिलिप ॲलन यांनी २००० मध्ये मांडलेली ही रीत आजही पाया मानली जाते. हृदयाच्या ठोक्याचा बिघाड मात्र अधिक त्रासाचा असतो. प्रत्येक ठोक्यासरशी डोके केसभर हलते, टाळूखालच्या धमन्या फुगतात, आणि एमआरआयच्या तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकीय क्षेत्रात एवढ्याशा हालचालीनेही अल्फा लहरीएवढा किंवा तिच्याहून मोठा संकेत उमटतो. ठोका दर वेळी सारखा नसल्यामुळे नुसत्या सरासरीने तो निघत नाही. म्हणून मी टोपी लावताना तारा डोक्याच्या मध्यरेषेवर एकत्र आणून सरळ मागे घेत असे, त्यांचा कुठेही वेटोळा होऊ देत नसे, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना फोम दाबून बसवत असे. वेटोळ्यामुळे बिघाड वाढतोच, शिवाय तार तापून भाजण्याची भीती असते. त्यासाठी प्रत्येक इलेक्ट्रोडला रोध (रेझिस्टर) जोडलेली, एमआरआयसाठीच बनवलेली टोपी लागते. साधी टोपी घालून कोणालाही आत पाठवू नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मानसशास्त्राच्या जाणकारांनी द्यावे.

उत्तर
देणारे: अंबानगरी

सर, मी अमरावतीत मानसशास्त्रात संशोधन करतो. आपली दुसरी शंका या विषयाच्या मुळाशी जाते, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की इथे तिसरी नोंदही पहिल्या दोन नोंदींइतकीच काळजीने घ्यावी लागते. ती म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे सांगणे.

नेहमीची पद्धत अशी आहे की माणसाला कंटाळवाणे काम देतात. इयन रॉबर्टसन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या कामात पडद्यावर १ ते ९ हे आकडे एकामागून एक येतात, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचे असते आणि केवळ ३ आला की हात आवरायचा असतो. हात सरावाने चालू लागतो, मन निसटते आणि ३ वरही बटण दाबले जाते. काम चालू असताना मधूनच पडदा थांबवून विचारतात की या क्षणाच्या आधी तुमचे लक्ष कामावर होते की दुसरीकडे, आणि दुसरीकडे असेल तर ते तुम्हाला ठाऊक होते का. मग त्या प्रश्नाच्या आधीच्या काही सेकंदांतील मेंदूची नोंद वेगळी काढून तपासतात. कॅलिना क्रिस्टॉफ यांच्या गटाने २००९ मध्ये एफएमआरआयमध्ये हेच केले. मन दुसरीकडे असताना डिफॉल्ट मोड नेटवर्क (हाती काम नसताना कार्यरत राहणाऱ्या मेंदूच्या भागांचे जाळे) कार्यरत होते, याचे आश्चर्य नव्हते. लक्षणीय हे होते की नियोजन आणि नियंत्रण करणारे कपाळामागचे भागही त्याच वेळी कार्यरत होते, आणि आपले मन भरकटले आहे याची जाणीव नसताना हा परिणाम अधिक ठळक होता. आपल्या विद्यार्थ्याला कळप दिसेपर्यंत स्वतःच्या विचाराचा पत्ता नव्हता, हे त्या निष्कर्षाशी जुळते. ईईजीच्या बाजूने जोनाथन स्मॉलवूड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले होते की मन कामावर नसताना, समोरच्या घटनेनंतर सुमारे एक तृतीयांश सेकंदाने येणारी पी-३०० ही लहर खुजी होते. डोळ्यांपुढे रोही येतात, पण मेंदू त्यांची नेहमीसारखी दखल घेत नाही, असा त्याचा साधा अर्थ आहे.

डिफॉल्ट मोड नेटवर्कबद्दल एक गैरसमज लोकप्रिय लेखांनी फार पसरवला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. काम दिल्यावर मेंदूचे काही ठरावीक भाग शांत होतात, हे गॉर्डन शुलमन यांनी १९९७ मध्ये जुन्या प्रयोगांच्या एकत्रित तपासणीतून दाखवले, आणि मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये त्याला मेंदूची मूळ अवस्था मानणारी मांडणी केली. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असून २० टक्के ऊर्जा खातो, आणि एखादे काम हाती घेतल्याने त्यात पाच टक्क्यांचीही भर पडत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. तिथून ‘हे जाळे चालू म्हणजे मन भरकटले, बंद म्हणजे लक्ष लागले’ असे समीकरण रूढ झाले. ते मान्य करता येत नाही. मायकल एस्टरमन यांच्या गटाने २०१३ मध्ये लोकांना सलग काम देऊन बटण दाबण्याच्या वेळेतील चढउतार मोजले, तेव्हा काम सहज आणि समान गतीने चालले असताना डिफॉल्ट जाळ्याची क्रिया उलट जास्त आढळली, आणि गती विस्कटलेली असताना अवधानाचे जाळे धडपडताना दिसले. सरावलेल्या माणसाचे लक्ष ताण न देताही टिकते. मचाणावर अनेक हंगाम काढलेला शेतकरी आणि पहिल्यांदा बसलेला मुलगा यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

तसेच, ही दोन जाळी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वरखाली होतात हे मायकल फॉक्स यांनी २००५ मध्ये मांडले, परंतु त्या गणितात आधी सबंध मेंदूचा सरासरी संकेत वजा केलेला होता, आणि तसे केल्यावर काही उलटे संबंध गणितामुळेच निर्माण होतात, हे केव्हिन मर्फी यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. वाद पुष्कळ चालला. निव्वळ रक्तप्रवाहाच्या आकड्यांवर तो मिटण्यासारखा नव्हता. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्या रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले असतात त्यांच्यावरील ॲरन कुची आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या अभ्यासात असे दिसले की अवधानाशी संबंधित भाग आधी उसळतात आणि डिफॉल्ट जाळ्यातील क्रिया त्यानंतर, सेकंदाच्याही आत, घटते. एका पद्धतीने उभी केलेली शंका दुसऱ्या पद्धतीने सोडवली जाते, हा एकत्र वापराचा दुसरा अर्थ मला तितकाच मोलाचा वाटतो, मग त्या नोंदी एकाच वेळच्या असोत वा नसोत.

प्रतिसाद
देणारे: गुरुकुंज परिसर

चर्चा फार चांगली चालली आहे. आमच्या गावात राष्ट्रसंतांच्या सामुदायिक ध्यानाला रोज पहाटे बसणारी वयस्क मंडळी आहेत. मन निसटले हे ओळखून ते परत आणण्याचा त्यांचा सराव अनेक वर्षांचा आहे. अशा लोकांवर कोणी असा अभ्यास केला आहे का?

उत्तर
देणारे: अंबानगरी

दादा, नेमका हाच क्षण पकडणारा अभ्यास वेंडी हासेनकाम्प यांनी २०१२ मध्ये केला. ध्यानाचा सराव असलेल्या लोकांना एफएमआरआयमध्ये श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले आणि मन निसटले आहे असे ज्या क्षणी उमगेल त्या क्षणी बटण दाबायला सांगितले. त्या बटणाच्या आधीचे सेकंद भरकटण्याचे, बटणाचा क्षण उमगण्याचा, त्यानंतरचे परतण्याचे आणि पुढचे टिकण्याचे, अशी काळाची विभागणी केल्यावर भरकटताना डिफॉल्ट जाळे, उमगताना महत्त्वाची गोष्ट हेरणारे जाळे आणि परतताना नियंत्रणाचे भाग पुढे आले. मात्र चार-सहा सेकंद उशिरा शिखर गाठणाऱ्या संकेतावरून इतक्या जवळच्या घटना वेगळ्या काढणे अवघड असते, आणि बोरतीर ताईंनी सांगितलेली एकाच वेळची ईईजी अशा ठिकाणी खरी कामाला येते. आपल्याकडील मंडळी बटण कधी दाबायचे हे न शिकवता ओळखतील, असे मला वाटते, कारण ‘उमगणे’ हाच त्यांचा सराव आहे.

उत्तर
देणारे: वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यात रेडिओलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. वरच्या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे; आपल्या भागात ती गृहीत धरता येत नाही, म्हणून लिहितो.

एफएमआरआय पेशींचे काम मोजत नाही, रक्ताचा त्या कामाला मिळालेला प्रतिसाद मोजते. पूर्व विदर्भात सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. एसएस पॅटर्नच्या (म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या) माणसात रक्ताची कमतरता कायम असते, ती भरून काढण्यासाठी मेंदूचा रक्तप्रवाह मुळातच वाढलेला असतो, आणि काम पडल्यावर तो आणखी वाढायला वाव कमी उरतो. त्यामुळे मेंदूच्या पेशी तितक्याच कार्यरत असूनही एफएमआरआयवरचा प्रतिसाद लहान दिसू शकतो, आणि अनभिज्ञ संशोधक त्याला ‘अवधान कमी’ असे नाव देऊन मोकळा होईल. स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या साध्या रक्तक्षयाबाबतही हीच सावधगिरी हवी. ईईजीचा संकेत थेट विद्युत असल्यामुळे तो रक्ताच्या या प्रतिसादावर टेकलेला नसतो. अशा व्यक्तीत दोन्ही नोंदी एकत्र घेतल्या तर विद्युत प्रतिसाद शाबूत आहे आणि रक्ताचा प्रतिसाद तेवढा दबलेला आहे, हे वेगळे ओळखता येते. आपल्या माणसांपुरते एकत्र नोंदीचे हे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि तपासणी झालेल्या अनेकांकडे कार्ड आहे. ते नसेल तर आधी सोल्युबिलिटी चाचणी करावी आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने एएस (केवळ वाहक) की एसएस हे पक्के करावे, मगच त्या माणसाला अभ्यासात घ्यावे.

सरांच्या विद्यार्थ्याला कोणी एफएनआयआरएस सुचवील, कारण ते उपकरण डोक्यावर पट्ट्यासारखे बांधून कुठेही नेता येते. ते साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश कपाळातून आत सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून हिमोग्लोबिनमधील बदल ओळखते. म्हणजे सिकलसेलची अडचण तिथेही आहेच. शिवाय हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापुरताच पोहोचतो आणि डिफॉल्ट जाळ्याचा गाभा दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर, मागच्या बाजूस, खोल असतो. तिथले काहीही त्याला दिसणार नाही. दाट काळे केस आणि सावळी त्वचा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे आपल्याकडे संकेत आणखी क्षीण मिळतो. कपाळामागच्या भागांपुरते ते उपकरण चांगले आहे, त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

प्रतिसाद
देणारे: हरभऱ्याचे रान

सर्वांचे मनापासून आभार. सिकलसेलचा मुद्दा माझ्या स्वप्नातही आला नव्हता, आणि त्याने अभ्यासात कोणाला घ्यायचे हा प्रश्नच बदलून गेला.

माजी विद्यार्थ्याशी बोललो. त्याच्या विद्यापीठात बॅटरीवर चालणारे छोटे ईईजी उपकरण मिळू शकते. त्याचा विचार असा आहे की जागलीला जाणाऱ्यांना संध्याकाळी आणि मग मध्यरात्रीनंतर शेतातच आकड्यांचे काम द्यावे आणि मधून मधून लक्ष कुठे होते ते विचारावे. दोन अडचणी त्याला दिसतात. बहुतेक जण जागे राहण्यासाठी खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातात आणि थर्मासमधून कोरा चहा नेतात. तो बंद करायला सांगितला तर ते येणार नाहीत. दुसरे म्हणजे कागदावरच्या प्रश्नावलीतील ‘आपले अवधान कार्येतर विषयाकडे होते का’ असले वाक्य त्यांच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही.

उत्तर
देणाऱ्या: बोरतीर

सर, खर्रा आणि चहा बंद करू नका. निकोटिन अवधान टिकवायला मदत करते आणि सवय असलेल्याला ते मिळाले नाही की अवधान ढासळते, त्यामुळे बंदी घातल्यास तुम्ही जागल मोजणार नाही, तलफ मोजाल. केव्हा खाल्ला आणि केव्हा प्यायले याची वेळ लिहून ठेवा, तेवढे पुरे. कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून एफएमआरआयमध्ये ते फार नडते. केवळ ईईजी घेताना ती अडचण तुलनेने कमी आहे.

विषयाची निवड मात्र मी थोडी बदलून सुचवते. गावातल्या ईईजीवरून डिफॉल्ट जाळ्याबद्दल एक शब्दही लिहू नये. मोजक्या इलेक्ट्रोडवरून ते ठरवता येत नाही आणि परीक्षकाने विचारल्यावर उत्तर देता येणार नाही. ईईजीच्या आवाक्यातला आणि जागलीसाठी नेमका असलेला प्रश्न थॉमस ॲन्ड्रिलॉन यांच्या गटाने २०२१ मध्ये हाताळला आहे. जाग्या माणसाच्या मेंदूच्या काही भागांत झोपेतल्यासारख्या मंद लहरी अधूनमधून उमटतात, आणि मन भरकटण्यापूर्वी, तसेच मनात काहीच नसण्यापूर्वी, त्या वाढलेल्या असतात असे त्यांना आढळले. इतकेच नव्हे, त्या डोक्याच्या पुढच्या भागात उमटल्या तर माणूस उतावळेपणाने बटण दाबतो आणि मागच्या भागात उमटल्या तर सुस्तावतो, असा फरकही दिसला. डोळे उघडे, हातात बॅटरी, आणि तरीही मेंदूचा एखादा तुकडा क्षणभर झोपलेला, हे मचाणावर रात्रभर घडत असणार. माथ्यावर आणि डोक्याच्या पुढे-मागे बसवलेल्या थोड्या इलेक्ट्रोडनी या मंद लहरी टिपता येतात.

म्हणून विचारण्याचा प्रश्न दोन उत्तरांचा न ठेवता तीन उत्तरांचा ठेवा, कारण ‘दुसरीकडे होते’ आणि ‘कुठेच नव्हते’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. वाक्य तुमच्या भागातल्या बोलण्यातलेच असू द्या: “आत्ता तुमचं ध्यान कुठी होतं? आकड्यावर होतं, दुसऱ्या इचारात होतं, का डोक्यात काहीच नोतं?” उत्तर तोंडीच घ्या, पण ते आकड्यांचे काम थांबवून घ्या, कारण बोलताना जबड्याच्या स्नायूंचा संकेत ईईजीवर चढतो. प्रश्न ठरावीक अंतराने विचारू नका. माणूस त्याची वाट पाहू लागतो. मिनिटभराच्या आगेमागे, अनियमितपणे विचारा. विचाराचा मजकूर सांगण्याची सक्ती करू नका. कर्ज, मुलीचे लग्न, घरातले आजारपण यांवरच रात्री मन जाते, आणि ते परक्यापुढे बोलायला लावणे योग्य नाही. संमतिपत्र वाचून दाखवताना हे स्पष्ट सांगा.

शेतातली नोंद घेताना उपकरण पूर्ण बॅटरीवर ठेवा, चार्जर लावलेला नको, आणि मोटारपंपाची पेटी, डीपी आणि झटका मशीन यांपासून शक्य तितके दूर बसा. ५० हर्ट्‌झचा विजेच्या पुरवठ्यामुळे येणारा गुणगुणाट गाळता येतो, पण झटका मशीनचा सेकंदासेकंदाला येणारा ठोका मंद लहरींच्या पट्ट्यातच येऊन बसतो आणि तो गाळताना हवी ती लहरही जाईल. नोंदीपुरते ते बंद ठेवणे उत्तम, मात्र त्या वेळात पिकाची राखण दुसऱ्या कोणीतरी करायला हवी आणि ती सोय विद्यार्थ्याने स्वतः करावी, शेतकऱ्यावर टाकू नये. तपासणीच्या दिवशी केसांना खोबरेल तेल लावू नये हे आदल्या दिवशीच कळवा. तेलकट टाळूवर जेल धरत नाही आणि इम्पिडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युत अडथळा) खाली आणता येत नाही. सकाळी शिकेकाईने किंवा शाम्पूने धुतलेले केस चालतात. थंडीच्या रात्री जेल घट्ट होते, म्हणून बाटली खिशात ठेवून ऊबदार राहू द्यावी. टोपीवर मफलर बांधायला हरकत नाही, पण गाठ इलेक्ट्रोडवर येऊ देऊ नका.

एकाच वेळच्या दोन्ही नोंदींची पुढे गरज वाटलीच, तर यांतल्याच काही स्वयंसेवकांना बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत नेऊन तेच आकड्यांचे काम देता येईल, आणि गावात दिसलेल्या मंद लहरींच्या वेळी मेंदूच्या खोल भागांत काय चालते ते तिथे तपासता येईल. त्यासाठी इलेक्ट्रोडच्या जागा, आकड्यांची गती आणि प्रश्नाचे शब्द आजपासून लिहून कायम ठेवा. प्रश्नाचा मसुदा तयार झाला की इथे टाका. अंबानगरी सरांनी आणि मी तो पाहिल्यावरच तो संशोधनाच्या नैतिकता समितीकडे जाऊ द्या.